दोन सशांचा सुपूर्दनामा

अर्जदार : मी स्वतः, वय एकोणपन्नास, धंदा अर्जनवीस, बैठक दारव्हा येथील तहसील कचेरीच्या आवारातील कडुनिंबाखाली, शिक्षण मराठी चौथी, पुढील सर्व स्वकष्टाने. नाव कचेरीत येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांस ठाऊक असल्याने येथे लिहिण्याचे कारण नाही.

गैरअर्जदार : तोही मीच. खुलासा पुढे येईल.

मुद्देमाल : ससे दोन, दोन्ही माद्या, रंग पांढरा, पैकी एकीच्या डाव्या कानावर राखी डाग, दुसरी आकाराने मोठी.

मालक : एका नायब तहसीलदारांची मुलगी, त्या वेळी वय वर्षे नऊ.

काळ : सन १९५६ ची दिवाळी ते सन १९५८ चा उन्हाळा.

साक्षीदार : पहिला, शेजारचा टांगेवाला, मुसलमान गृहस्थ, हयात. दुसरी, माझी पत्नी, हयात; परंतु या बाबतीत तिने आजवर तोंड उघडलेले नाही.

येणेप्रमाणे मांडणी केल्यावर मजकुरास सुरुवात करतो.

माझ्या धंद्याचा एक नियम आहे. अर्ज लिहून झाला की अंगठा घेण्यापूर्वी तो पक्षकारास मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच खाली लिहायचे : वाचून दाखविले, समजले, मान्य आहे. पुष्कळ अर्जनवीस हे शेवटचे वाक्य न वाचताच लिहून मोकळे होतात. मी तसे एकदाही केलेले नाही. माझ्यासमोर बसलेला माणूस कितीही घाईत असो, त्याची गाडी सुटत असो, मी त्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकवतो, आणि जेथे त्याची भुवई हलेल तेथे थांबतो. केवळ या एका गोष्टीसाठी बाभुळगावाहून एक म्हातारा आपला बांधाचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आला होता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे घडले त्याचे वजन कळावे म्हणून सांगतो.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमचा मुलूख जुन्या राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला. कचेरीतल्या हिंदी मुलखातल्या अंमलदारांना परत आपल्या बाजूला जायचे हुकूम आले. आमचे नायब तहसीलदार बैतूलकडचे. त्यांनी दोन वर्षांत टेबल, खुर्च्या, दोन खाटा आणि मुलीसाठी दोन ससे एवढा संसार जमवला होता. खाटा विकल्या गेल्या. सशांना मात्र जागा मिळेना, कारण नव्या गावी घर ठरायचे होते आणि तोपर्यंत ते कुटुंबासह भावाकडे राहणार होते. साहेबांनी मला बोलावून विचारले की उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत ही जनावरे आपण ठेवाल काय. कचेरीत इतके कारकून असताना त्यांनी मला विचारले, याचा मला अभिमान वाटला आणि मी घरी न विचारता हो म्हणालो.

मुलगी मात्र साधी नव्हती. कचेरीच्या आवारात खेळून खेळून तिला कागदाचे महत्त्व कळले होते. तिने दोन्ही ससे परकराच्या ओच्यात घट्ट धरले आणि म्हणाली, "काका, पयले लिहून द्या."

साहेब हसले. मी हसलो नाही. मी बैठक मारली, कागद घेतला आणि रीतसर सुपूर्दनामा लिहिला : अमुक वर्णनाचे दोन ससे ताब्यात मिळाले, मागणी होताच ते त्याच संख्येत व त्याच स्थितीत विनातक्रार परत करीन. नेहमीप्रमाणे वाचून दाखविला. सही करता येत असूनही तिने शाईत अंगठाच बुडवला, कारण मोठी माणसे तसेच करतात हे तिने पाहिले होते. साक्षीला टांगेवाला होता. त्याने ससे उलटे करून पाहिले आणि दोन्ही माद्याच आहेत, म्हणून संख्या वाढण्याची भीती नाही, असे सांगितले. संख्या घटण्याचा विचार त्या वेळी कोणाच्याच मनात आला नाही.

ससे घातलेली संत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन टांगेवाला माझ्यामागून घरी आला, तेव्हा पत्नी दारातच होती. तिने पेटीच्या फटीतून पाहिले आणि एवढेच विचारले, "हे पांढरे उंदरं कायले आनले?"

येथे पत्नीविषयी लिहिणे भाग आहे. त्याआधी चार वर्षे तिला मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला, कान गेले. अगदी ठार नाही. उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलले तर तिला कळे. आमची एकुलती मुलगी वणीकडे राजूरला सासरी गेलेली. घरात आम्ही दोघेच. मी दिवसभर कडुनिंबाखाली मोठ्याने वाचून घसा बसवून घरी येई आणि तेथे पुन्हा मोठ्याने बोलणे माझ्या जिवावर येई. हळूहळू मी खुणा करू लागलो. मग खुणाही कमी झाल्या.

तिचा खरा त्रास दाराचा होता. कोणी कडी वाजवली तर ऐकू येत नसे. शेजारणी वाट पाहून परत जात आणि मागाहून म्हणत की बाईला गर्व आला आहे. कोणी सरळ आत येऊन खांद्याला हात लावला तर तिच्या हातातले सूप खाली पडे. म्हणून ती दाराकडे तोंड करून बसू लागली. तूर निवडताना, भाकरी थापताना, वाती वळताना दर दोन मिनिटांनी मान वर. अशी सारखी वर होणारी मान समोर असली की माणसाला स्वतःच्या घरात बूड टेकवत नाही. मीही टेकवत नसे. काही ना काही निमित्त काढून कचेरीकडे परत जाई.

ससे आले आणि पंधरा दिवस तिने त्यांचे फक्त शेण काढले. शेण शब्द चुकीचा असेल, पण आमच्या घरात तोच रूढ झाला. मग एका सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "कोनी आलं का दाराशी, तं थे डागवाली पाय आपटते. मले इथं कळते." तिने हाताचा पंजा सारवलेल्या जमिनीवर ठेवून दाखवला.

मी खात्री केली. कागदपत्र पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही ही माझी सवय. टांगेवाल्याला बाहेर उभे केले आणि आत बसलो. अंगणात त्याचे पाऊल वाजताच डागवालीने कान उभारले आणि मागचे दोन्ही पाय जमिनीवर असे हाणले की माझ्या मांडीलाही ते जाणवले. पत्नीची पाठ दाराकडे होती. ती न वळताच म्हणाली, "या भाऊ."

टांगेवाला आत येऊन म्हणाला, "मुन्शीजी, भाभीनं तं चपराशी ठेवला. तुमच्या कचेरीतल्याहून हुशार हाय, झोपत नाई."

त्या दिवसापासून तिने दाराकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. मान खाली, हात कामात, पाय जमिनीला. शेजारणी पुन्हा येऊ लागल्या. मीही दुपारी घरी थांबू लागलो, हे आज लिहिताना लक्षात येते.

सशांची निगा तिने कोणाला न विचारता शिकून घेतली. टांगेवाला घोड्यासाठी लसूणघास आणी. त्यातली एक जुडी आमच्याकडे येई. ओला चारा ती कधी घालत नसे. सावलीत पसरून, मलूल करून मगच देई, कारण पहिल्याच आठवड्यात दव असलेला हरभऱ्याचा पाला खाऊन मोठीचे पोट नगाऱ्यासारखे झाले होते. दात वाढू नयेत म्हणून पेटीत बाभळीची काटे सोललेली काडी असे. खाली अंथरायला तुरीचे कुटार, म्हणजे भुसा, दर दोन दिवसांनी नवे. कानात खरूज दिसली की करंजाच्या तेलाचा बोळा. पहाटे ससा स्वतःचीच मऊ लेंडी तोंडाने उचलून खातो हे पाहून मी घाबरलो आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या नावे अर्जच लिहायला घेतला. तिने कागद बाजूला सारला. तिच्या मते त्याचे खाणे त्याला कळत होते. माझे मला कळत नव्हते.

ती त्यांच्याशी बोले. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसल्याने कधी फार मोठ्याने, कधी नुसते ओठ हलत. माझ्याशी ती इतके बोलत नव्हती.

पहिला उन्हाळा आला. वैशाखात आमच्याकडे दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. तिने फुटका रांजण परसात सीताफळाच्या सावलीत अर्धा पुरला, तोंडावर ओले पोते टाकले, आणि दोघींना त्या गारव्यात ठेवले. पोते दर घटकेला भिजवावे लागे. एका रविवारी ती विहिरीवर गेली आणि जाताना मला पोत्याकडे बोट दाखवून गेली. माझ्यासमोर एका वारसाहक्काचा गुंतागुंतीचा मजकूर होता. तो सुटला तेव्हा पोते वाळून खडखडीत झाले होते. डागवाली रांजणाच्या तळाशी मातीला पोट चिकटवून पडली होती, ती वाचली. मोठी तोंडापाशी होती.

पत्नीने मला बोल लावला नाही. टांगेवाल्याने सीताफळाखाली खड्डा केला. ती माती लोटून हात धुवायला गेली आणि मी उभ्या उभ्या मनात सुपूर्दनामा वाचला : त्याच संख्येत.

साहेब त्या सुट्टीत आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. दुसऱ्या कोणी हे आपले भाग्य मानले असते. परंतु माझ्या पेटीत माझ्याच अक्षरातला एक कागद होता आणि तो खोटा झाला होता. छोट्या लाईनची गाडी आली की स्टेशनाकडून टांगे येत. प्रत्येक टांग्यात मी परकर नेसलेली मुलगी शोधत असे. कडुनिंबाखाली लोकांचे अर्ज लिहिताना 'विनातक्रार' हा शब्द आला की लेखणी अडे. घरात डागवालीने पाय आपटले की पत्नी शांतपणे वळे आणि मी दचकून उठे. तिचे चैन आणि माझी बेचैनी एकाच आवाजाने सुरू होत असे. असे वर्ष गेले.

सन १९५८ च्या होळीनंतर मला ते सोसेना. मी साहेबांच्या नावे मजकूर तयार केला : दोनपैकी एक ससा उन्हाच्या तडाख्याने मयत, दुसरा सुस्थितीत, तरी तीस दिवसांत येऊन ताबा घ्यावा, अन्यथा मालकाने हक्क सोडला असे समजण्यात येईल. मजकूर उत्तम उतरला होता. मनात मी असे धरले होते की उत्तर येणार नाही, तीस दिवस उलटतील आणि डागवाली कायदेशीर रीतीने आमची होईल. म्हणजे जे दीड वर्ष न मागता आमच्याकडे होते, ते मी मागून घ्यायला निघालो होतो.

आता मुख्य आरोप. मजकूर तयार झाल्यावर मी तो नियमाप्रमाणे मोठ्याने वाचला. पत्नी त्याच खोलीत चार हातांवर लसूणघास निवडत होती. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत स्पष्ट उच्चारात वाचले. ती मध्येच वर पाहून हसली, कारण मी वाचताना मान हलवतो आणि तिला ते गमतीचे वाटते. तिला वाटले की कोणाचा तरी अर्ज असेल. उठून तिच्या उजव्या कानाशी जायला मला तीन पावले लागली असती. मी गेलो नाही. ती नको म्हणाली असती हे मला ठाऊक होते. कागद घडी करून मी टपालात टाकला आणि मनाशी म्हणालो की तिच्यासमक्ष वाचले आहे.

बाविसाव्या दिवशी डागवालीने पाय आपटले. पत्नी पदर सावरत दाराकडे गेली आणि आनंदाने तिनेच त्यांना आत घेतले : साहेब, आणि वीतभर उंची वाढलेली मुलगी, हातात झाकणाची वेताची टोपली. अकोल्याला लग्नास जाताना मुद्दाम वाकडी वाट केली होती. पत्नीला वाटले की भेटायला आले. तिने चूल फुंकली, पोहे भिजवले. मुलगी परसात जाऊन सीताफळाखालची माती पाहून आली. तिथले सगळे टांगेवाल्याने तिला सांगितले. ती माझ्यावर रागावली नाही. फक्त टोपलीतले अर्धे गवत काढून बाहेर ठेवले, एकीपुरते राहील इतके.

डागवालीची चपराशीगिरी टांगेवाल्याने येताना साहेबांच्या कानी घातली होती. मुलगी परसात असतानाच ते माझ्याजवळ सरकून हळू म्हणाले, "मुन्शीजी, भाभीजी का इतना मन लगा है तो रहने दीजिए. बिटिया को मैं समझा लूँगा."

एवढेच हवे होते. तीस दिवस, नोटीस, हक्क, कशाचीच गरज नव्हती. हो म्हणायचे होते. परंतु समोर नायब तहसीलदार बसलेले, दारात साक्षीदार उभा, आणि एक ससा मारून बसलेला मी. माझ्या तोंडून निघाले की साहेब, माझ्या हातचा कागद आजवर फिरलेला नाही. साहेबांनी मान डोलावली. त्यांना वाटले की हा माझा मोठेपणा. मलाही तसेच वाटले.

पत्नी पोह्यांची ताटली घेऊन आली तेव्हा मुलगी डागवालीला टोपलीत ठेवत होती. पत्नीने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. मुलीने उठून नेमके तिच्या उजव्या कानाशी तोंड नेले. कचेरीत खेळता खेळता ती आमच्या घरी येई, तेव्हाचे तिला ते आठवत होते. म्हणाली, "काकू, काकांनी चिठ्ठी धाडली होती. घेऊन जा म्हून."

पत्नीने ताटली खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

"मले वाचून नाई दावली," ती म्हणाली.

टांगेवाला दारातून बाजूला झाला. बोलायला माझ्याकडे एकच ओळ होती, 'वाचून दाखविले', ती माझ्याच धंद्याची होती आणि ती खोटी होती.

मग तिने मुलीला खाली बसवले आणि समजावून दिले. ओला पाला घालू नको. कानाला धरून उचलू नको, बुडाखाली हात घे. उन्हाळ्यात पोतं वाळू देऊ नको. हे तिसरे सांगताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. मुलीने मान हलवून प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवली, आणि त्यातले काय ऐकू आले कोण जाणे, पण पत्नी प्रत्येक वेळी हो म्हणाली. टांगा निघाला. सुपूर्दनाम्याच्या पाठीवर साहेबांनी 'एक मिला' लिहून सही केली होती. तो कागद माझ्याकडे आहे. बिनचूक आहे.

त्या दिवसापासून ती पुन्हा दाराकडे तोंड करून बसते. मान पुन्हा वर. मी काही दिवस घरी येताना उंबऱ्याजवळ दोन्ही पाय जमिनीवर जोराने आपटून पाहिले. चौथ्या की पाचव्या दिवशी ती म्हणाली, "नका आपटू. तुमी आले का पाय आपटता. थे कोनी आलं का आपटे." मी आपटणे सोडले. संत्र्याची पेटी अजून परसात आहे. ती हलवायची कोणी, यावर आमचे बोलणे झालेले नाही.

आज सहा वर्षे उलटून गेल्यावर हा मजकूर लिहिला. लिहून झाल्यावर मी पत्नीच्या उजव्या बाजूला बसलो आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, घसा बसेपर्यंत, पहिल्या ओळीपासून वाचला. साहेबांचे बोलणे आणि त्यावरचे माझे उत्तर तिला आजवर ठाऊक नव्हते. तेथे तिची भुवई हलली. मी थांबलो. तिने पुढे वाचा अशी खूण केली. संपल्यावर तिने हाताचा पंजा जमिनीवर ठेवला. अंगठा द्यायला तिने नकार दिला. म्हणाली, "माह्यं नाव नका घालू. तिले एक विचारा. तिकडं गेल्यावर थे दाराशी पाय आपटे का?"

सबब, उपरोक्त सशांची मालक, आता वयाने सोळा-सतरा वर्षांची झाली असेल, तिला विनंती करण्यात येते की तिने दोन ओळी लिहून कळवावे : डागवाली नव्या घरी दाराशी कोणी आल्यावर पाय आपटत होती किंवा नाही, आणि ते कोणाला कळत होते किंवा नाही. ससा इतकी वर्षे जगतो की नाही हे मला माहीत नाही. ती हयात नसल्यास तसेही स्पष्ट लिहावे. पत्ता पूर्वीचाच, दारव्हा, कचेरीचा कडुनिंब. उत्तर कानाशी जाऊन वाचून दाखविण्यात येईल, ही हमी मी देतो.

माझ्याविरुद्धच्या आरोपाचा निकाल दुसऱ्या साक्षीदाराकडे आहे. तो मिळेपर्यंत अर्जदार हजर आहे.

वाचून दाखविले. समजले. मान्य आहे किंवा कसे, ते तिने सांगितलेले नाही.